उच्चदाब वितळतार : संरक्षणाच्या एका साधनाचा इतिहास आणि दांडी-तारापूरचा किनारा

१

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर दांडी हे मच्छीमारांचे गाव आहे. मिठाच्या सत्याग्रहामुळे इतिहासात गेलेली दांडी गुजरातमधील. तिच्याशी या गावाची गल्लत होऊ नये. उच्छेळी व नवापूर ही या दांडीची शेजारगावे. पूर्वेस आत बोईसर हे पश्चिम रेल्वेवरील स्थानक व त्यालगतची तारापूरची औद्योगिक वसाहत. आणि त्याच किनारपट्टीवर, थोडक्या अंतरावर, तारापूरचे अणुविद्युत् केंद्र. भारतातील या पहिल्या अणुविद्युत् केंद्राचे व्यापारी उत्पादन २८ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाले. योगायोग असा की, त्याच वर्षाच्या जुलै महिन्यात ग्रामीण विद्युतीकरण निगमाची स्थापना झाली आणि खेडोपाडी वीज नेण्याच्या कामाला देशव्यापी कर्जपुरवठ्याचा आधार मिळाला.

या दोन घटना एकाच विद्युत्-व्यवस्थेची दोन टोके दाखवितात. एका टोकाला प्रत्येकी २१० मेगावॅट क्षमतेच्या दोन संचांचे केंद्र व तेथून निघणाऱ्या २२० किलोव्होल्टच्या वाहिन्या. दुसऱ्या टोकाला दोन खांबांवर बसविलेले एक रोहित्र व त्याच्या डोक्यावर ओळीने लावलेल्या तीन नळ्या. पहिल्या ठिकाणी दोष उद्भवला तर तो ओळखणारी व मंडल तोडणारी यंत्रे निरनिराळी असतात, आणि एक चुकले तर दुसरे उभे असते. दुसऱ्या ठिकाणी ही सर्व कामे एकच वस्तू करते, ती म्हणजे त्या नळीतील वितळतार. बोलीत जिला फ्यूज म्हणतात ती.

महाराष्ट्रातील विजेचा इतिहास लिहिताना खोपोली, भिरा, कोयना, तारापूर अशी मोठ्या केंद्रांची मालिका डोळ्यांपुढे ठेवण्याची प्रथा आहे. या मालिकेतून निर्मितीचा इतिहास कळतो. संरक्षणाचा कळत नाही. वितळतारेचा इतिहास पाहू लागल्यास मात्र एक निराळा प्रश्न पुढे येतो. दोष कोठे ना कोठे होणारच, हे गृहीत धरल्यावर त्याची झळ कोणी सोसावी, हे कोणी व कसे ठरविले? उच्चदाब वितळतार हे या प्रश्नाचे सर्वांत स्वस्त उत्तर आहे. ते उत्तर कोणत्या अटींवर खरे ठरते आणि कोणत्या अटी मोडल्यावर खोटे पडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

मंडलात मुद्दाम एक दुबळी जागा ठेवावी आणि संकट आले की तिने प्रथम नष्ट व्हावे, ही कल्पना वीजदिव्यांहून जुनी आहे. १८४७ मध्ये फ्रान्समधील ब्रेगे याने तारायंत्राच्या कचेऱ्यांचे आकाशातील विजेपासून रक्षण व्हावे म्हणून वाहिनीत कमी जाडीची तार घालण्याची सूचना केली. १८८० मध्ये एडिसनला दिव्यांच्या मंडलासाठी ‘सुरक्षा-वाहका’चे एकस्व मिळाले. या अवस्थेत वितळतार हा केवळ उष्णतेचा प्रश्न होता. प्रवाह वाढला की तार तापते आणि पुरेशी तापली की वितळते. शिसे सुमारे ३२७, कथिल २३२ आणि तांबे १,०८५ अंश सेल्सिअसला वितळते, एवढे भौतिकशास्त्र त्यास पुरेसे होते.

या अनुभवजन्य ज्ञानाला मापाचे रूप देण्याचे श्रेय ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता विल्यम प्रीस याच्याकडे जाते. १८८० नंतरच्या दशकात त्याने निरनिराळ्या धातूंच्या तारा प्रयोगाने वितळवून पाहिल्या. त्याचा नियम सोप्या विचारावर उभा आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या सम प्रमाणात व तारेच्या छेदाच्या व्यस्त प्रमाणात असते. हवेत निघून जाणारी उष्णता तारेच्या पृष्ठभागावर, म्हणजे व्यासावर, अवलंबून असते. दोन्ही समान झाल्या की तार आपल्या कमाल तपमानाला स्थिरावते. यावरून वितळण्यास लागणारा प्रवाह व्यासाच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात येतो. १ मि.मी. व्यासाच्या तांब्याच्या तारेस तो सुमारे ८० अँपिअर आहे. व्यास दुप्पट केला तर प्रवाह दुपटीने नव्हे, तर सुमारे २.८ पटीने वाढतो. हा नियम लांब, उघड्या व स्थिर हवेतील तारेलाच काटेकोरपणे लागू पडतो. तथापि, तार ‘थोडीशी जाड’ घेतल्याने काय होते, हे त्याने प्रथमच आकड्यांत सांगितले. पुढील विवेचनात या आकड्यांचा उपयोग होणार आहे.

मुंबईत याच दशकात विजेचा पहिला प्रयोग झाला. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केट विजेने उजळले. पण तो उद्योग टिकला नाही. शहराला नियमित वीज मिळू लागली ती बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज कंपनीने १९०५ मध्ये वाडी बंदर येथे वीजघर सुरू केल्यावर. घरोघरी चिनी मातीच्या खोबणीत बसविलेली फ्यूजची तार मराठी माणसाच्या परिचयाची झाली ती त्यानंतरच्या काळात. ‘फ्यूज उडाला’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला की, त्यामागील धातू वितळण्याची क्रिया कोणाच्या ध्यानातही येत नाही.

३

परंतु दाब हजारांच्या घरात गेला आणि वितळतारेचा प्रश्न मुळापासून बदलला. तार वितळणे ही घटना आता आरंभीची ठरली. वितळलेल्या तारेच्या दोन टोकांमधील फटीत प्रज्योत पेटते. तिचे तपमान हजारो अंश असते आणि तिच्यातून प्रवाह पूर्ववत् वाहत राहतो. म्हणजे तार नष्ट झाली तरी मंडल तुटत नाही. कमी दाबाच्या मंडलात ही ज्योत आपोआप विझते. उच्च दाबाच्या मंडलात तिला विझवावे लागते. उच्चदाब वितळतारेचा सारा इतिहास हा वास्तविक ज्योत विझविण्याचा इतिहास आहे.

याचा धडा लंडनमध्ये लवकरच मिळाला. फेरांटी याने डेप्टफर्ड येथून १०,००० व्होल्ट दाबाने शहराला वीज देण्याची धाडसी योजना आखली होती. ती आकार घेत असतानाच, नोव्हेंबर १८९० मध्ये, ग्रोव्हनर गॅलरीतील उपकेंद्र आगीत भस्मसात झाले. जोडणी सोडविताना पेटलेली ज्योत आवरता आली नाही, हे त्याचे कारण. त्याच वर्षी मॉर्डी याने काचेच्या नळीत तांब्याची तार ठेवून भोवती दाणेदार पदार्थ भरण्याच्या कल्पनेचे एकस्व घेतले. ज्योतीची उष्णता भोवतीच्या दाण्यांनी शोषून घ्यावी, हा त्यातील हेतू. आजच्या वाळू भरलेल्या वितळतारेचे बीज यातच आहे.

पुढील प्रयत्न शिकागोतील. तेथील फिस्क स्ट्रीट वीजकेंद्रातील आगीनंतर श्वाइट्झर व कॉनरॅड या दोन अभियंत्यांनी १९०९ च्या सुमारास द्रवयुक्त वितळतार तयार केली. काचेच्या नळीत ताणलेली स्प्रिंग व कार्बन टेट्राक्लोराइड हा द्रव असे. तार वितळली की स्प्रिंग झटक्याने आखडून तारेचे टोक द्रवात खोल ओढून घेई आणि ज्योत बुडून विझे. १९३० नंतरच्या दशकात वेस्टिंगहाउस कंपनीत स्लेपियन व त्याचे सहकारी यांनी द्रवाच्या जागी बोरिक अम्लाचा उपयोग केला. ज्योतीच्या उष्णतेने त्यातून वाफ सुटते व ती ज्योत थंड करते.

स्लेपियनने १९२८ मध्ये या सर्व उपायांमागील तत्त्वही मांडले होते. प्रत्यावर्ती प्रवाह प्रत्येक अर्ध्या आवर्तनास क्षणभर शून्यावर येतो. ५० आवर्तनांच्या पुरवठ्यात असे सेकंदाला १०० वेळा घडते. त्या क्षणी ज्योत स्वतःहून विझते. त्यानंतर एक शर्यत सुरू होते : फटीतील वायू निरोधक बनण्याचा वेग अधिक की फटीवर पुन्हा चढणाऱ्या दाबाचा वेग अधिक? पहिला जिंकला तर मंडल तुटले. दुसरा जिंकला तर ज्योत पुन्हा पेटली. एकदिश प्रवाहात असा शून्याचा क्षण येतच नाही. १९२५ पासून मुंबईच्या उपनगरी रेल्वेत १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह वापरला गेला. तेथे मंडल तोडण्यासाठी अतिशीघ्र खंडकांची गरज पडली, त्यामागे हेच कारण होते.

या शर्यतीत जिंकण्याचे दोन भिन्न मार्ग विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्थिर झाले. पहिल्यात प्रवाहाच्या शून्याची वाट पाहिली जाते आणि त्या क्षणी वायूच्या झोताने फट झाडून काढली जाते. एक्स्पल्शन फ्यूज या नावाने ओळखली जाणारी ही जात. दुसऱ्यात शून्याची वाटच पाहिली जात नाही. चिनी मातीच्या बंद नळीत शुद्ध गारेची वाळू भरून तीत चांदीची लांब, बारीक पट्टी किंवा तार गुंडाळलेली असते. मोठा दोष उद्भवताच ती अनेक ठिकाणी एकदम वितळते, भोवतालची वाळू वितळून काचेसारखी होते आणि प्रवाह आपल्या शिखरास पोहोचण्यापूर्वीच, आवर्तनाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी वेळात, दाबला जातो. ही प्रवाहमर्यादक वितळतार. तिचा एक दोष लक्षात ठेवण्याजोगा आहे. मोठा दोष ती सहज तोडते. पण नाममात्र अतिभाराचा प्रवाह तिला सुरक्षितपणे तोडता येत नाही. म्हणून अनेक बनावटींत तिच्या टोकाशी एक खिळी ठेवलेली असते. ती बाहेर उसळून शेजारचा स्विच उघडते.

४

आता पुन्हा महाराष्ट्राकडे वळावे. १९१५ च्या फेब्रुवारीत टाटांच्या जलविद्युत् योजनेचे उद्घाटन झाले आणि खोपोलीची वीज घाट उतरून सुमारे ७० कि.मी. अंतरावरील मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. वाहिनीचा दाब सुमारे १ लाख व्होल्ट होता. एवढ्या दाबाच्या व शक्तीच्या वाहिनीचे मुख्य संरक्षण वितळतारेवर सोपविणे शक्य नव्हते. अशा वाहिन्यांसाठी तेलात उघडणारे मंडल खंडक व त्यांना आज्ञा देणारी अभिचालित्रे आली. या विभागणीतला फरक केवळ यांत्रिक नाही. वितळतार स्वतःच दोष ओळखते व स्वतःच मरते. खंडक दुसऱ्याच्या आज्ञेने उघडतो व पुन्हा बंद करता येतो. पहिल्याला निर्णय नाही, स्मृती नाही, पुनर्जन्म नाही. पण बॅटरीही लागत नाही, देखरेखीसाठी माणूसही लागत नाही आणि पैसाही अत्यल्प लागतो.

म्हणून दाब जसजसा वाढला तसतशी वितळतार व्यवस्थेच्या मध्यातून कडेकडे सरकली. मोठ्या केंद्रातून ती नाहीशी झाली असे नव्हे. दाब मोजणारी लहान रोहित्रे, काही मोटारींची मंडले अशा ठिकाणी प्रवाहमर्यादक वितळतारा आजही उपयोगात असतात. पण केंद्राचे भवितव्य तिच्यावर अवलंबून राहिले नाही. अणुकेंद्रात तर हे अधिकच आवश्यक. अणुभट्टी बंद केल्यावरही इंधनातील उष्णता काही काळ निर्माण होतच राहते. ती वाहून नेणाऱ्या पंपांना वीज मिळत राहिली पाहिजे. अशा ठिकाणी संरक्षण म्हणजे केवळ मंडल तोडणे नव्हे, तर एक मंडल तोडून दुसरे चालू ठेवणे. एकदा वितळून कायमचे थांबणाऱ्या तारेला हे साधत नाही.

उलट व्यवस्थेच्या कडेला, जेथे एक रोहित्र काही डझन घरांना किंवा काही पंपांना वीज देते, तेथे खंडक व अभिचालित्रे बसविण्याचा खर्च रोहित्राच्या किंमतीच्या मानाने अवाजवी ठरतो. कायद्यानेही हे वास्तव मान्य केले. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांत रोहित्राच्या उच्चदाब बाजूस वितळतारेसह स्विच किंवा मंडल खंडक, असा पर्याय होता. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांत १,००० केव्हीए व त्यापुढील रोहित्रांना मंडल खंडक आवश्यक ठरविण्यात आला. ही रेषा अभियांत्रिकी आहे, तशीच आर्थिकही आहे. रेषेच्या अलीकडे यंत्राने रक्षण, पलीकडे तारेने रक्षण. गावे बहुतांशी पलीकडे आहेत.

५

महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले व पुढील दोन-अडीच दशकांत खेड्यांच्या विद्युतीकरणाने वेग घेतला. ११ किलोव्होल्टच्या वाहिनीवरून गावाला वीज देण्याची जी ठराविक रचना या काळात देशभर रूढ झाली, ती प्रत्येकाच्या पाहण्यातील आहे. दोन खांब, मध्ये रोहित्र, वर हाताने ओढून उघडावयाचा त्रिध्रुवी स्विच आणि त्याखाली तीन वितळतारा. गावकरी त्या सबंध उभारणीला ‘डीपी’ म्हणतात. वितळतारांचे दोन प्रकार आढळतात. जुना प्रकार शिंगांचा : दोन वाकड्या दांड्यांच्या मध्ये तार ताणलेली असते; ती वितळली की ज्योत तापलेल्या हवेबरोबर शिंगांवरून वर चढते, लांबते व अखेर तुटते. दुसरा प्रकार म्हणजे ‘डीओ’, अर्थात गळून पडणारी वितळतार. आतून तंतुमय पदार्थाचे अस्तर असलेल्या नळीत वितळदुवा ताणून बसविलेला असतो, आणि त्याच्या ताणामुळेच नळीची वरची कडी अडकून राहते. दुवा वितळला की ज्योतीच्या उष्णतेने अस्तरातून वायू सुटतो व नळीच्या तोंडातून झोताने बाहेर पडताना ज्योत विझवितो. ताण गेल्याने कडी सुटते आणि नळी स्वतःच्या भाराने खाली लोंबकळते. मंडलात दिसेल अशी फट पडते; रस्त्यावरून जाणाऱ्या वायरमनला मान वर करताच कळते की, कोणत्या फेजचा फ्यूज गेला आहे. निरक्षरालाही वाचता यावी अशी ही खूण आहे, आणि या साधनाची लोकप्रियता तिच्यातच आहे.

भारतीय मानक संस्थेने १९७३ मध्ये एक्स्पल्शन जातीच्या उच्चदाब वितळतारांचे मानक प्रसिद्ध केले व १९७९-८० मध्ये उच्चदाब वितळतारांचे अधिक व्यापक मानक काढले. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या आरंभीच वितळदुव्यांचे शीघ्र व मंद असे वर्ग ठरले होते. मानकांचा अर्थ एवढाच की, दुवा ही केवळ तार नव्हे. किती प्रवाहाला किती वेळात वितळावयाचे याचे ते आगाऊ दिलेले वचन आहे. हे वचन कसे मोडते, ते आकड्यांनी स्पष्ट होईल.

१०० केव्हीएचे रोहित्र घ्यावे. ११ किलोव्होल्टच्या बाजूस त्याचा पूर्णभार प्रवाह केवळ ५.२५ अँपिअर असतो. गावाच्या बाजूस, ४३३ व्होल्टला, तोच सुमारे १३३ अँपिअर होतो. अशा रोहित्राची अंतर्गत संबाधा साधारणतः ४.५ टक्के असते. गावाच्या बाजूस रोहित्राच्या तोंडाशीच तिन्ही तारा एकमेकींस चिकटल्या, तर प्रवाह सुमारे २२ पट वाढतो, म्हणजे उच्चदाब बाजूस सुमारे ११७ अँपिअर होतो. वेटोळ्यांतील उष्णता वर्गाच्या प्रमाणात, सुमारे ५०० पट, वाढते. असा प्रसंग सुमारे दोन सेकंद सोसता यावा, एवढ्याच बेताने रोहित्र बांधलेले असते.

आता प्रीसचा नियम लावून पाहावा. ०.२ मि.मी. व्यासाची तांब्याची तार सुमारे ७ अँपिअरला वितळते. ११७ अँपिअर प्रवाहात ती क्षणार्धात जाईल, रोहित्र वाचेल. ०.४ मि.मी. ची तार २० अँपिअरला वितळेल, म्हणजे दुप्पट-तिप्पट अतिभार तिला कळणारच नाही, पण मोठा दोष कळेल. १ मि.मी. ची तार ८० अँपिअरपर्यंत टिकेल. ११७ अँपिअरला ती वितळेलही, पण उशिरा, आणि दोन सेकंदांच्या मुदतीचा भरवसा राहणार नाही. तिचेच दोन पदर बांधले तर मर्यादा १६० अँपिअरच्या आसपास जाते. मग तार वितळणारच नाही. वितळेल ते रोहित्र. एका पदराचे दोन पदर करणे हे खांबावर मिनिटभराचे काम आहे. पण त्यात रक्षक व रक्षित यांची अदलाबदल होते.

हे का घडते, याचे उत्तर अज्ञान असे दिले जाते. ते अपुरे आहे. रात्री गाव अंधारात असते, योग्य दुवा हाताशी नसतो, तालुक्याचे भांडार दूर असते आणि खांबाखाली माणसे जमलेली असतात. बारीक तार घातली तर अतिभारामुळे ती तासाभरात पुन्हा जाईल, हे वायरमन जाणून असतो. जाड तार त्याला आजची रात्र देते. रोहित्र जळेल ते उद्या किंवा पुढच्या आठवड्यात, आणि तेव्हा ते ‘जळाले’ एवढीच नोंद होईल. अतिभार हे कारण, जाड तार हे साधन आणि जळालेले रोहित्र हा परिणाम. पैकी कागदावर येतो तो फक्त परिणाम. म्हणून वितळतारेच्या इतिहासाची साधने शोधताना इतिहासकाराला मानकांच्या पुस्तकांबरोबरच रोहित्र-दुरुस्तीच्या नोंदवह्याही पाहाव्या लागतील.

६

दांडीसारख्या किनारी गावात या सामान्य प्रश्नात आणखी एकाची भर पडते, ती मिठाची. समुद्रावरून येणारा वारा निरोधकांवर मिठाचा थर बसवितो. कोरडा असताना हा थर निरुपद्रवी असतो. पहाटेच्या दवाने किंवा पहिल्या हलक्या सरीने भिजला की तो वाहक बनतो आणि निरोधकाच्या पृष्ठभागावरून गळतीचा प्रवाह वाहू लागतो. जोरदार पावसाने थर धुऊन जातो. धोका असतो तो अर्धवट ओलाव्याचा. याचसाठी आंतरराष्ट्रीय विद्युत्तांत्रिक आयोगाच्या १९८६ च्या मार्गदर्शिकेत प्रदूषणाचे चार वर्ग पाडून निरोधकाच्या पृष्ठभागावरील अंतर ठरविले होते : हलक्या प्रदूषणात दर किलोव्होल्टला १६ मि.मी., अतितीव्र प्रदूषणात ३१ मि.मी. कमाल १२ किलोव्होल्टच्या साधनास हे अंतर अनुक्रमे १९२ व ३७२ मि.मी. येते. म्हणजे समुद्राच्या अगदी काठावर तीच वितळतार जवळजवळ दुप्पट लांबीच्या निरोधकावर बसली पाहिजे.

मिठाचा दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. गळून पडणाऱ्या नळीची सारी युक्ती तिच्या बिजागरीत व कडीत आहे. हे भाग गंजले की नळी अडकून बसते. दुवा वितळतो, ज्योत विझते. पण नळी खाली येत नाही. मंडल तुटले असूनही पूर्ण दाब त्या जळक्या नळीवर उभा राहतो आणि काजळी व मीठ यांनी माखलेल्या तिच्या पृष्ठभागावरून पुन्हा प्रवाह वाहू लागतो. शिवाय जी खूण निरक्षरालाही वाचता येत होती, ती आता खोटे सांगते. खालून पाहणाऱ्याला नळी जागेवर दिसते व फ्यूज शाबूत आहे असे वाटते. खांबावर चढणाऱ्याच्या जिवाशी या गैरसमजाचा थेट संबंध आहे. स्विच उघडून, प्रवाह नाही याची खात्री करून व वाहिनी भूसंपर्कित करून मगच हात लावावा, हा नियम अशा ठिकाणी औपचारिक राहत नाही.

तिसरी मर्यादा वितळतारेच्या स्वभावातच आहे. वादळात ११ किलोव्होल्टची तार तुटून कोरड्या वाळूवर पडली, तर वाळूच्या मोठ्या रोधामुळे जमिनीत जाणारा प्रवाह काही अँपिअरच, किंवा त्याहूनही कमी असू शकतो. वितळतारेच्या दृष्टीने तो नित्याचा भार होय. ती वितळत नाही आणि वाळूवरची तार जिवंत राहते. संवेदी भूदोष अभिचालित्रे असा प्रवाह काही प्रमाणात ओळखू शकतात. पण ती असतात उपकेंद्रात, गावाच्या खांबावर नव्हे. किनाऱ्यावर जाळी वाळविणाऱ्या माणसाचे रक्षण करणे हे वितळतारेचे काम कधीच नव्हते. ती रोहित्राचे व वाहिनीचे रक्षण करते. ‘फ्यूज आहे, म्हणजे धोका नाही’ ही समजूत म्हणूनच घातक आहे.

७

या सर्व विवेचनातून वितळतारेविषयी तुच्छता निर्माण होऊ नये. जवळजवळ दीड शतकाच्या काळात ज्योत विझविण्याचे ज्ञान वाढत गेले आणि ते ज्ञान अखेर हातभर नळीत बसविता आले, ही सामान्य सिद्धी नव्हे. ती नसती तर रोहित्रागणिक खंडक घेण्याइतका पैसा होईपर्यंत खेड्यांना विजेची वाट पाहावी लागली असती. १९६९ नंतरचे ग्रामीण विद्युतीकरण या स्वस्त साधनामुळेच शक्य झाले.

परंतु स्वस्ताईचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. मोठ्या केंद्रात संरक्षणाची किंमत आरंभीच भरली जाते : यंत्रांत, दुहेरी व्यवस्थेत, चाचण्यांत. खेड्यातील वितळतारेत ती किंमत नाहीशी झालेली नाही. ती पुढे ढकललेली आहे. योग्य मापाचा दुवा भांडारात असणे, बिजागरीला वेळेवर हात लागणे, अतिभार होण्यापूर्वी रोहित्र वाढविले जाणे आणि जाड तार बांधण्यास नकार देण्याइतका आधार वायरमनला असणे, या स्वरूपात ती दरवर्षी भरावी लागते. जेथे ती भरली जात नाही, तेथे ती जळालेल्या रोहित्रातून, अंधारातल्या गावातून आणि कधी खांबावरच्या माणसाकडून वसूल होते.

तारापूरच्या केंद्रात पुढे २००५ व २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॅटचे दोन नवे संच कार्यान्वित झाले; केंद्राच्या वाहिन्या व त्यांचे संरक्षण अधिक प्रगत झाले. २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्या वाहिन्यांच्या आणि दांडीच्या खांबावरील नळीच्या मध्ये दाबाच्या अनेक पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर दोष ओळखण्याचे कोणते ना कोणते साधन आहे. शेवटच्या पायरीवर एक बारीक तार आहे. तिची जाडी किती असावी, हे १८८० च्या दशकापासून ज्ञात आहे. तेवढ्याच जाडीची तार तेथे प्रत्यक्षात असेल अशी व्यवस्था करणे हा मात्र भौतिकशास्त्राचा प्रश्न नव्हे. तो कारभाराचा प्रश्न आहे, आणि त्याचा इतिहास अजून लिहिला जावयाचा आहे.